आता मी भाषांतर करते

पार्सिपनी या अमेरिकी गावातल्या एका शाळेचं कॅफेटेरिया आमचं मंडळ दर वर्षी गणपतीसाठी भाड्यानं घेतं. आरती होते, मुलांचे नाच होतात, आणि जेवणाआधी स्वयंपाक करणाऱ्यांपैकी एक बाई माइकवर येऊन दोन वाक्यं बोलते, अशी पद्धत आहे. मी हायस्कूलमध्ये होते त्या वर्षी ही पाळी माझ्या आईवर आली.

आईनं हात पदराला पुसले, माइक दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "सगळ्यायले नमस्कार. सयपाक आमी साऱ्या जनीनं मिळून केला. काई कमी-जास्त झालं असन त सांगजा."

आम्ही अकोल्याजवळच्या एका गावातले. घरी आम्ही असंच बोलतो. पण हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं, मग एक टेबल हसलं, मग बरेच जण. सूत्रसंचालन करणाऱ्या काकू पुढे आल्या, आईच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाल्या, "थांबा हं, आता मी भाषांतर करते." त्यानंतर जे हसू उठलं ते मला अजून ऐकू येतं. काकूंनी आईचीच वाक्यं पुण्याच्या मराठीत म्हणून दाखवली. आईसुद्धा हसली. लाज लपवायला माणूस जसं हसतो तसं.

त्या दिवसापासून आई मंडळात बोलली नाही. स्वयंपाकाला जायची, कारण तिच्यासारख्या भाकरी तिथे कुणाला येत नाहीत. पण कुणी काही विचारलं तर मान हलवायची आणि माझ्याकडे बघायची. बाबा ज्या इंडियन ग्रोसरीत काम करतात तिथे मंडळातल्या बायका भेटल्या की ती मसाल्याच्या रांगेआड जायची. काकूंना भाकरीची ऑर्डर द्यायची असली की फोन मला यायचा, "बेटा, आईला जरा विचार ना." मी आईला विचारायचे आणि आईचं उत्तर काकूंच्या मराठीत करून सांगायचे. म्हणजे भाषांतर चालूच होतं, फक्त आता ते माझ्या तोंडून व्हायचं.

मी तेव्हाच ठरवलं होतं की याची परतफेड करायची. त्याच माइकवर, त्याच हॉलमध्ये. कशी ते माहीत नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. हे मी ज्या मराठीत लिहिते आहे ती मला काकूंनीच शिकवली. रविवारच्या मराठी शाळेत. "आमच्या पुण्यात असं म्हणत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. 'मले' म्हटलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या, जसं काही जवळपास कुणी थाळी आपटली. मी लवकर शिकले. राग असला की माणूस लवकर शिकतो, असं मला वाटतं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे तिथल्या पुष्कळ गोष्टी मला कुणी सांगितल्याच नव्हत्या. उदाहरणार्थ, 'ऑफिस अवर्स' म्हणजे प्रोफेसर ऑफिसात कामात असतात ती वेळ, तेव्हा त्यांना त्रास द्यायचा नाही, असा माझा समज होता; खरं तर ती विद्यार्थ्यांना भेटण्यासाठीच राखलेली वेळ असते. पूर्ण पहिलं सेमिस्टर मी त्या वेळा बघून मुद्दाम दुसऱ्या जिन्यानं जात होते. भाषाशास्त्राचा वर्गही मी आवडीनं घेतला नव्हता. मी एका स्टोअरमध्ये काम करायचे, आणि तिथल्या शिफ्टच्या वेळा सांभाळून तो एकच बसत होता.

तो वर्ग शिकवणारे प्रोफेसर स्कॉटलंडचे होते. त्यांचं इंग्रजी सुरुवातीला मला अर्धंच कळायचं. एकदा त्यांनीच मला जिन्यात अडवलं आणि विचारलं, "तू कधी भेटायला का येत नाहीस?" मी खरं कारण सांगितलं. ते हसले नाहीत. ऑफिसात नेऊन चहा दिला आणि टर्म पेपरचा विषय ठरला नसेल तर तुझ्या घरापासून सुरू कर, असं म्हणाले. मी चहाच ढवळत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या घरापासून सुरू केलं.

त्यांचे आजोबा उत्तरेकडच्या बेटांवरून ग्लासगोला जहाजाच्या कारखान्यात कामाला आले. घरची भाषा गेलिक, इंग्रजी नंतर शिकलेली, हळू आणि मऊ. आजीचं घराणं आयर्लंडहून आलेलं, तिचं बोलणं निराळं. त्यांची मुलं गल्लीत वाढली आणि गल्लीसारखी बोलू लागली, आईबापांसारखी नाही. पुढे शहरातल्या दाटीच्या चाळी पाडल्या, लोकांना बाहेर नव्यानं वसवलेल्या गावांत घरं दिली. तिथे शेजारी कुठून कुठून आलेले, म्हणून प्रोफेसरांचं स्वतःचं बोलणं वडिलांपेक्षाही वेगळं झालं. "आमच्या घरात ख्रिसमसच्या टेबलावर चार उच्चार बसायचे," ते म्हणाले. काही स्कॉटिश लोक पोलादाच्या कारखान्यासाठी कुटुंबं घेऊन इंग्लंडच्या एका गावात गेले. तिथल्या मुलांच्या बोलण्यात स्कॉटलंड उरलं. इंग्रजांना ती मुलं स्कॉटिश वाटतात आणि स्कॉटिश लोकांना इंग्रज.

मी विचारलं, "कोण कुणाला हसायचं?"

ते म्हणाले, "जो नंतर आला त्याला आधी आलेले हसायचे. आधी आलेले स्वतः कुठून आले ते विसरलेले असायचे. किंवा तसं दाखवायचे. माझी आजी डॉक्टरांसमोर वेगळाच आवाज काढायची. पण दारात बोट सापडलं की आयर्लंड बाहेर पडायचं."

मला एकदम मंडळाचं स्वयंपाकघर आठवलं. मागच्याच वर्षी तळणीच्या मोदकांचं तेल काकूंच्या मनगटावर उडालं होतं आणि त्या ओरडल्या होत्या, "ओ माय वं!"

अगदी आमच्या गावातल्या बायका ओरडतात तसं. आणि या म्हणे पुण्याच्या काकू. मी तेव्हा ऐकलं होतं, पण लक्षात घेतलं नव्हतं.

पेपर मी स्कॉटलंडवरच लिहिला. स्थलांतर झालं, नव्या वस्त्या झाल्या, की बोलणं कसं बदलतं, कुठे लपतं आणि कधी वर येतं. वाचताना आमच्या विषयातली एक जुनी युक्ती सापडली. माणसाचं खरं बोलणं ऐकायचं असेल तर त्याला फार घाबरल्याचा प्रसंग सांगायला लावायचा. भीती आठवली की त्याचं स्वतःच्या तोंडाकडे लक्ष राहत नाही. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. अभ्यासासाठी वाचली असं म्हणणार नाही.

गणपतीत 'आमची मुलं' नावाचा कार्यक्रम असतो. कॉलेजातली मुलं आपापल्या अभ्यासाबद्दल थोडं थोडं बोलतात. मी कधीच नाव दिलं नव्हतं. या वर्षी दिलं.

काकूंनी माझी ओळख करून दिली. "आता आपली ही लेक बोलणार आहे, विषय आहे चक्क स्कॉटलंडचे उच्चार! म्हटलं, अगं, आधी आपले मराठी उच्चार तरी नीट करू या!" लोक हसले. पुढच्या रांगेतले निवृत्त डॉक्टरकाका सर्वांत मोठ्यानं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात वरणाचा डाव.

मी बेटांबद्दल, ग्लासगोबद्दल, नव्या गावांबद्दल सांगितलं. मग मी म्हटलं, "काकू, तुम्ही मदत कराल का? सगळ्यात छान मराठी तुमची आहे. लहानपणी तुम्ही खूप घाबरलात असा एखादा प्रसंग सांगा ना."

काकूंना माइक आवडतो. त्या आल्या. "घाबरले अशी? हं. मी सहा-सात वर्षांची असेन. आमच्या घरात कापूस भरून ठेवलेला होता, एक अख्खी खोली, अगदी माळ्यापर्यंत. आम्ही भावंडं वरून त्यात उड्या मारत असू. एकदा माझ्या धाकट्या भावानं उडी मारली आणि तो आत गेला. वर येईचना. मी हाका मारल्या. कापसात आवाजच जात नाही हो! मी आत हात घातला, इकडे घातला, तिकडे घातला..."

त्यांचा हात हवेत कापूस उपसत होता. डोळे कुठेतरी लांब लागले होते.

"...हात घालून रायली, घालून रायली, हाती काईच लागे ना! मले वाटलं मेला आता पोट्टा! माय वावरात गेलती, बाप बाजारात, घरात कोनीच नाई..."

डॉक्टरकाका खुर्चीत पुढे सरकले. आणि मागून, दारातून, माझ्या आईचा आवाज आला, मोठ्यानं, "मंग? सापडला का?"

काकू वळल्या आणि तिलाच म्हणाल्या, "सापडला ना वं! पायच हाती लागला त्याचा! असा वढला..."

आणि तिथे त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा ऐकू आलं असावं. पुण्यात कापसानं भरलेल्या खोल्या नसतात, हे हॉलमधल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी हात पुढे केला, त्यांच्या हातातून माइक घेतला आणि म्हटलं, "थांबा हं, आता मी भाषांतर करते."

हॉल हशानं फुटला. डॉक्टरकाका टेबलावर थापा मारत होते. "वहिनी, सापडलात! कापसात सापडलात!" मी काकूंची वाक्यं एकेक करून त्यांनीच शिकवलेल्या मराठीत म्हटली, 'ण' आणि 'ळ' अगदी जागच्या जागी. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि हसत होत्या. ते हसू मी ओळखत होते.

मला फार गोड वाटलं. खोटं कशाला लिहू? इतकी वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती झाली आणि हवी तशीच झाली. फक्त दाराकडे बघितलं तेव्हा आई हसत नव्हती. ती आत निघून गेली.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. बाबा मागे झोपले होते. हायवेला लागल्यावर आई म्हणाली, "तुनं तसं म्हनाले नाई पायजे होतं."

"तिनं तुला केलं तेव्हा चाललं?"

"मले कुठी चाललं? मले अजून चालत नाई." मग म्हणाली, "थे आपल्याइकडली हाय, हे मले पयल्याच वर्षी समजलं होतं. अंबाडीची भाजी केली होती मी. तिचे डोये कसे झाले, पाह्यलं मी."

मी जवळजवळ ब्रेकच दाबला. "मग सांगितलं काऊन नाई? तेव्हाच, माइकवर?"

"कायले? तिनं लपवलं त लपवू दे. लोकायसमोर उघडं पाडाचं नसते कोनाले." ती खिडकीबाहेर बघत होती. "मी माह्या हिशोबानं पाहून घेईन."

मला वाटलं, हे ती आपलं म्हणायचं म्हणून म्हणते आहे. माझी आई कुणाला काय पाहून घेणार?

पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला, नेहमीसारखा माझ्याच मोबाईलवर. आवाज अगदी स्वच्छ, पुण्याचा. मंडळाच्या कोजागिरीला झुणका-भाकरीचा बेत होता, बरेच लोक येणार होते. "बेटा, आईला जरा विचार ना, भाकरी जमतील का?"

मी म्हटलं, "काकू, आईलाच विचारा," आणि फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. आई पोळ्या लाटत होती. आता ती माझ्याकडे बघेल, मान हलवेल, असं मला वाटलं होतं. तिनं पीठ झटकलं.

"बोला ना ताई."

काकू क्षणभर गडबडल्या. मग त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, बेत, किती माणसं, दुसऱ्या कुणाला कशा जमत नाहीत. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. पोळी तव्यावर टाकली, उलटवली.

"यंदा नाई जमत, ताई. आमच्या घरी पाव्हणे येऊन रायले."

"अहो, असं काय करता वहिनी? तुमच्याशिवाय कोण करणार?"

"तुमी करजा ना," आई म्हणाली, अगदी गोड आवाजात. "तुमच्या मायनं शिकवल्या असतीनच. आपल्याइकडं भाकर थापता येत नाई अशी पोरगी असते का?"

आईनं पिठाच्या बोटानं फोन बंद केला आणि स्क्रीनवर पांढरा ठिपका उमटला.

"कोण पाहुणे येतायत?" मी विचारलं.

"कोनीच नाई," आई म्हणाली. "ताट घे. गरम हाय तवर खा."