ओत्मोक घाटावरच्या चार खिडक्या

माझी जेंगे कुमुशाय राजमा निवडायला बसली की बायका हसायच्या. जेंगे म्हणजे थोरल्या भावाची बायको. आमच्या तलास खोऱ्यात हिवाळाभर घरोघर राजम्याच्या राशी असतात. बाकीच्या जणी मूठ पसरून एका नजरेत खडे टिपायच्या, ही एकेक दाणा उचलून उजेडात धरायची.

"अगं, त्याला मुलगी द्यायचीय का तुला?" असं कुणी म्हटलं की ती म्हणे, "मला एका वेळी एकच दिसतं. दोन दिसले की दोन्ही जातात."

स्वभावच तसा. चहा ओतताना बोलायची नाही, बोलताना चहा ओतायची नाही. तिचा नवरा, माझा थोरला भाऊ सोवेतबेक, हिच्या अगदी उलटा. एका हाताने ट्रकचं चाक, दुसऱ्या हातात भाकरी, तोंडात गाणं. तो राजमा भरून बिश्केकला न्यायचा आणि रिकामा ट्रक घेऊन ओत्मोक घाटाने परत यायचा. तो वाटेवर असला की जेंगे संगणकापुढे बसे. घाटमाथ्यावरची बर्फ काढणाऱ्यांची चौकी, घाटापलीकडची सुसामीरची खाणावळ, आमच्या बाजूचं पायथ्याचं फाटक, या तिन्ही ठिकाणी कॅमेरे होते आणि प्रत्येकाचं वेगळं पान होतं; त्यावरचं चित्र थोड्या थोड्या वेळाने बदले. एक पान बंद करायचं, मग दुसरं उघडायचं, अशी तिची रीत.

त्या दिवशी सकाळी त्याने खाणावळीतून फोन केला. "चहा घेतो नि निघतो. दुपारचं जेवण घरी."

"हवा वाईट आहे हो."

"हवा कधी चांगली होती? तू शोर्पो चढव."

तिने मटणाचा रस्सा चढवला. दुपार झाली, रस्सा आटला, तो आला नाही. फोन लागेना. मग बाजारातून बातमी आली: माथ्याच्या जरा खाली, आमच्या अंगाला, बर्फाचा कडा रस्त्यावर कोसळलाय. मी धावत तिच्याकडे गेले. ती संगणकापुढे एक पान बंद करत होती, दुसरं उघडत होती.

"झूरा, हे बघ. माथा उघडला की खाणावळ जाते, खाणावळ उघडली की फाटक जातं. चित्र बदलतं आणि मी भलतीकडे बघत असते. मघाशी फाटकाकडे बघत बसले, तेवढ्यात माथ्यावरचं चित्र तीनदा बदललं असेल."

मी तिच्या मुलीला, नुर्गिझाला, बिश्केकला फोन लावून आवाज मोठा केला.

"आई, पानं बंद करू नकोस. वरची पट्टी धरून एक पान कोपऱ्यात ओढ. लहान होईल. मग दुसरं दुसऱ्या कोपऱ्यात."

"कोपऱ्यात ओढलं की हरवतं गं!"

"नाही हरवत. ओढ."

"मला नाही जमत! तुझा बाप तिकडे गाडला गेला असेल आणि मी इथे कोपरे ओढत बसू?"

पलीकडे नुर्गिझा रडायला लागली. मग जेंगेने दात आवळले आणि ओढलं. माथा वर डावीकडे बसला, खाणावळ उजवीकडे, फाटक खाली. चौथ्या कोपऱ्यात बचाव पथकाच्या सूचनांचं पान लावलं. त्यावर लिहिलं होतं: माथ्याच्या चौकीतलं बर्फ काढायचं यंत्र कोसळलेल्या कड्यावर काम करतंय, खाली कुणी आहे की नाही, माहीत नाही.

चारही चौकटी धुरकट होत्या. जेंगे डोळ्याची पापणी न लववता बघत राहिली. एकच बघणारी बाई चारही बघत होती.

खाणावळीच्या चौकटीत एक दिवा दिसला. एकच, उजव्या अंगाचा. पुढच्या चित्रात तो घाटाच्या तोंडाशी होता, त्याच्या पुढच्यात नव्हताच.

"सोवेतबेक!" ती ओरडली. "डावा दिवा फुटलाय त्याचा. महिनाभर सांगतेय बदला, बदला."

"पण तो तर सकाळीच निघणार होता ना?"

"हवा बघून थांबला असेल. आता निघालाय."

आम्ही माथ्याच्या चौकटीवर डोळे लावले. चौकटीत फक्त पांढरं. चित्रं बदलत गेली, पण एका दिव्याची गाडी माथ्यावर काही येईना. खाणावळीतही परत आली नाही. दोन्ही चौकटी शेजारी शेजारी होत्या, म्हणून तर कळलं, नाहीतर कुणाला कळणार होतं? गाडी मधेच कुठेतरी अडकली होती.

जेंगेने चौकीला फोन केला. तिथला मुकादम इमनकुल आमच्याच गल्लीतला.

"इमनकुल, यंत्र फिरव. सुसामीरच्या अंगाला उतर. माझा नवरा तिकडे आहे."

"जेंगे, इथे कड्याखाली कुणी असेल तर?"

"असेल तर! असेल तर म्हणजे? मी डोळ्यांनी बघितलंय. गाडी वर चढली आणि पोचली नाही. तू फिरवतोस की मी चालत येऊ?"

फोनवर, वाऱ्यात, त्याने यंत्रावरच्या माणसाला हाक मारलेली ऐकू आली. मग तो म्हणाला, "फिरवतो."

अंधार पडायच्या आत त्याचा फोन आला. गाडी सापडली. रस्त्याखाली घसरून छपरापर्यंत बर्फात गेलेली, एका दिव्याची. पण ती लहान बस होती. आत नऊ माणसं, त्यांत एक बाळंतीण. इंजिनाचा धूर आत भरायला लागला होता. अर्ध्या तासाने गेलो असतो तर कुणी हाती लागलं नसतं, असं म्हणाला.

"आणि ट्रक?" जेंगेने विचारलं.

"ट्रक नाही, जेंगे. आत्ता चौकीतल्या पोरांना विचारलं. एक निळा ट्रक सकाळी माथ्यावरून गेला म्हणतात. भोंगा वाजवून."

तिच्या हातून फोन पडला नाही. तिने तो नीट ठेवला, दोन्ही हातांनी.

दुसऱ्या दिवशी कड्याखाली सोवेतबेक मिळाला. इमनकुल शपथेवर सांगत होता की तो तत्क्षणी गेला, यंत्र हललंच नसतं तरी जिवंत मिळाला नसता. डॉक्टरही तेच म्हणाले. जेंगेने प्रत्येकाला पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर ऐकायची आणि दुसऱ्याकडे वळून तेच विचारायची. मीही तिला तेच सांगितलं. मला ते खरं आहे की नाही, ठाऊक नाही.

अंगणात शोकाचा तंबू उभा होता, जेंगे आत बसली होती, तेव्हा बसमधली माणसं आली. एक मेंढी आणली होती. बाळंतिणीने बाळ पुढे केलं आणि थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली. "एजे, तुमच्यामुळे..."

"माझ्यामुळे नाही!" जेंगे किंचाळली. "मी तुम्हाला शोधत नव्हते! तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला. न्या ती मेंढी, न्या ते पोर!"

पुरुष मागे सरले. त्यांच्याबरोबरची एक म्हातारी मात्र गेली नाही. ती कशीबशी गुडघ्यांवर बसली आणि जेंगेच्या शेजारी तंबूच्या भिंतीकडे तोंड करून तिने सूर लावला. आमच्याकडे बायका मेलेल्या माणसासाठी अशाच गाऊन रडतात. सोवेतबेकला तिने कधी पाहिलं नव्हतं. नावही तिने माझ्याकडे वळून विचारून घेतलं, आणि मग त्या नावाने त्याच्यासाठी रडत गायली: वाटेचा धनी होतास, सोवेतबेक, आमची वाट सोडून गेलास.

जेंगे तिला ढकलायला वळली होती. हात वर झाला, तसाच राहिला. मग तिनेही भिंतीकडे तोंड केलं आणि म्हातारीच्या सुरात सूर मिसळला. तंबूत तोवर एकदाही ती रडली नव्हती.