वसतिगृहातली पहिली संध्याकाळ

ज्या दोघींच्या बाबतीत हे घडलं, त्यांना ते ठाऊक आहे. त्यांच्यापलीकडे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलींना नाही. लोक म्हणतात, इंदूताई पहिल्या भेटीतच माणसाला आपलंसं करतात. मी हसून ऐकून घेते. काय सांगणार?

मी मोर्शीकडची. घरी शेती, संत्र्याची बाग. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, त्या सुमारास मी मॅट्रिक झाले आणि अमरावतीच्या कॉलेजात जायचं ठरलं. आमच्या शाळेत पुण्याकडचे एक मास्तर होते. त्यांच्यासारखं बोलायचं, असं मी ठरवून टाकलं. ‘मी आली’ नाही, ‘मी आले’. ‘मले’ नाही, ‘मला’. गोठ्यात गाईसमोर उभी राहून मी हे घोकायची. तुम्हाला हसू येईल. मला येत नव्हतं. शहरातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी मला आपल्यातली मानावं — बस, एवढंच हवं होतं.

कमल आमच्याच गावची, माझ्याच वर्गातली. बाप तिला शिकवायला राजी नव्हता; आईनं भांडून पाठवलं होतं. आम्ही एकाच मोटारीनं अमरावतीला निघालो. तिच्या मांडीवर जवसाच्या चटणीचा डबा होता. मी नव्या भाषेत बोलू लागले तशी ती म्हणाली, “इंदे, अशी काहून बोलून राहिली पाहुण्यावानी?”

मी खिडकीबाहेर पाहत बसले.

संध्याकाळी रेक्टरबाईंनी सगळ्या नव्या मुलींना दिवाणखान्यात बोलावलं. एकेकीनं उठून आपली ओळख सांगायची. कमल माझ्या आधी उठली. न घाबरता, मोकळ्या आवाजात म्हणाली, “मी मोर्शीकडची. मले इंग्रजी कमी येते, पण मी शिकून राहिली.” पोरी खुदखुदल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती अकोल्याची सुधा. हसणं तिच्या स्वभावातच होतं, कशालाही हसायची.

मग मी उठले. घोकलेलं सगळं नीट बोलले. बाई म्हणाल्या, “वा, किती स्वच्छ बोलतेस. तुम्ही दोघी एकाच गावच्या का?”

आणि मी — मी म्हणाले, “नाही, मोटारीत शेजारी बसलो होतो, एवढंच.”

कमलनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, ही घाबरली. तिनं ते पोटात घातलं, हे मला पुढं कळलं. पण एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे लिहायला बसले असते का?

जेवणानंतर चार-पाच जणी माझ्या खोलीत जमल्या. मी त्यांना आवडले होते. आणखी आवडावं, असं वाटलं. मग मी कमलची नक्कल केली — तिचे हात, तिची मान, तिचं ‘मले’. पोरी लोटपोट झाल्या. “मलेबाई,” मी म्हणाले. ते नाव मी पाडलं. दुसऱ्या कुणी नाही, मी.

दोन दिवसांत ते नाव सगळ्या वसतिगृहात पसरलं. जिन्यावर, न्हाणीघरापाशी, जेवणाच्या पंगतीत. कमलनं सुधाला गाठलं. “तूच ठेवलं नं हे नाव?” सुधा म्हणाली, “मी नाही.” आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. नकलेच्या रात्री माझ्या खोलीत सुधाही होती. मी वेणी घालत होते. घालतच राहिले. सुधानं माझं नाव घेतलं नाही — का घेतलं नाही, ते मी तिला कधी विचारू शकले नाही.

कमल पुढं सगळी वर्षं सुधाशी बोलली नाही. वर्गात तर कुणाशीच बोलेना. प्रश्न विचारला की खाली पाहायची. मी मात्र वक्तृत्वात बक्षिसं घेत होते. आणि कमल मला मैत्रीण मानत होती — हे कसं सहन केलं मी?

पुढं मी अकोल्यात शिक्षिका झाले. साठ साल उलटून गेलं होतं. एकदा मूर्तिजापूरकडच्या खेड्यांत बायांसाठी काम करणाऱ्या सरकारी मुख्यसेविका आमच्या शाळेत मुलींशी बोलायला यायच्या होत्या. आल्या, तर कमल. वाटलं, ही कशी बोलणार? ती उभी राहिली. “पोरीहो, मी मोर्शीकडची,” म्हणाली आणि बोलत गेली — खेड्यातल्या बाया, विहिरीचं पाणी, बाळंतपणं. मागच्या बाकांवरच्या खेड्यांतल्या मुली, ज्या माझ्या तासाला तोंड उघडत नसत, त्या हात वर करून विचारू लागल्या. तिच्याच बोलीत.

दुपारी ती माझ्या घरी चहाला आली. म्हणाली, “त्या सुधानं माह्यं तोंडच बंद केलं व्हतं. खेड्यातल्या बायांनी उघडलं.”

तेव्हा मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. पाडलेल्या नावाचं, नकलेचं, वेणीचं — सगळं. तिनं कप खाली ठेवला. मी तिच्या तोंडाकडे पाहायला धजत नव्हते. मग तिनं एकच विचारलं, “सुधा कुठं असते आता?”

“इथंच, जठारपेठेत.”

“चाल.”

उन्हात आम्ही चालत गेलो. सुधानं दार उघडलं, हात कणकेनं भरलेले. कमल म्हणाली, “सुधे, मी उगाच तुह्याशी वैर धरलं. चुकली मी.” जिची काहीच चूक नव्हती, ती माफी मागत होती. मी मागे उंबऱ्याबाहेर उभी होते. तिथूनच म्हणाले, “ते नाव मी पाडलं होतं, सुधा.” सुधा म्हणाली, “मला ठाऊक होतं. आत ये.”

त्या दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. सुधा तशीच मोठ्यानं हसत होती आणि आता कमलही. मी पोळ्या लाटल्या.

कमल अजून अकोल्याला येते. आली की आधी सुधाकडे जाते. जमलं तर माझ्याकडे. मागच्या खेपेला माझ्या धाकटीला म्हणाली, “तुही माय आन् मी एकाच गावच्या.”

मी म्हणाले, “हाव, एकाच गावच्या.”