फुगलेलं वर्तुळ

जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमच्या घरामागच्या मैदानावर एक म्हातारे सरदारजी रोज सकाळी फक्कीने पंजाबी कबड्डीचं वर्तुळ आखायचे. ते एका जागी कायम बाहेर फुगलेलं असायचं. इंजिनिअर माणूस मी, मला ते बघवेना. एकदा त्या फुगवट्यात उभं राहून कारण विचारलंच.

“आम्ही दोघं देशोदेशी खेळलो. इथल्या स्पर्धेत जोडीदार मैदानावरच गेला.”

मी म्हणालो, “आमच्या कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो.”

ते हसले. “आमच्यात कोणी बाहेर जात नाही, पुत्तर. तिथेच उभा राहतो. जरा सरक, त्याच्या पायावर उभा आहेस.”

मी सरकलो. सगळं गवत दवाने भिजलेलं होतं. माझे बूट होते तिथे मात्र दोन अनवाणी पावलं उमटली, कोरडी.