उरवड्याचा थांबा

प्रभावतीबाईंना चौकशा करायची भारी हौस. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण खोड काही गेली नाही. भाजीवाल्याला त्या भेंडी वाकडी का झाली ते विचारणार, आणि चर्चच्या पाळकसाहेबांना प्रवचनातल्या गाढवाचं पुढे काय झालं ते. नवरा, इंद्रजितराव, उरवड्यातल्याच एका कारखान्यात प्रेस मशीनवर राबून कानाने मंद झालेले. त्यामुळे त्यांच्या वाटचे प्रश्नही बाईच विचारून घेत. एवढ्या चौकस बाईने एक प्रश्न मात्र जन्मात कधी विचारला नव्हता. तो सुनेने विचारला.

"आई, पहिल्या ओळीनंतर आपण का थांबतो?"

सून स्वरदा हिंजवडीत नोकरी करायची आणि उपासनेत कीबोर्ड वाजवायची. बाई स्वतः पेटी वाजवून गीतं म्हणवून घेत. उपासनेच्या सुरुवातीचं एक गीत ठरलेलं, 'दारी तुझ्या आलो प्रभू, ओंजळ पसरून'. गीत सगळीकडचं. पण पहिली ओळ झाली की पेटीसकट सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि मग दुसरी उचलायची, ही रीत फक्त उरवड्याच्या मंडळीची. गेल्या वर्षी हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक देवाला वाहायच्या दिवशी, पिरंगुटात आसपासच्या मंडळ्यांची एकत्र उपासना झाली, तेव्हा बाकीचे पुढे गेले आणि उरवडेकर तिथेच उभे राहिले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. 'उरवड्याचा थांबा आला,' असं तेव्हापासून लोक म्हणू लागले. यंदा तो ठेवायचा की काढायचा, हे पाळकसाहेबांनी बाईंवर सोपवलं होतं.

"तिथं थांबून आपली पापं आठवायची," बाई ठसक्यात म्हणाल्या. रविवारच्या शाळेत त्या मुलांना हेच सांगत. मुलं बिचारी डोळे मिटून आठवायची. एक चिमुरडी तर एकदा म्हणाली होती, "बाई, माझी संपली, म्हणू का पुढचं?"

"पण हे सांगितलं कुणी?" स्वरदाने विचारलं.

कुणीच सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. थांबा घातला तो त्यांच्या वडिलांनी, तेव्हा मंडळीत पेटी तेच वाजवत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. माणूस महाकडक. आईशी कधी दोन शब्द गोड बोललेले बाईंना आठवत नव्हते. आई गेली त्या दिवशीही ते कोपऱ्यात पेटी पुसत बसले होते. बाईंनी त्याबद्दल त्यांना आजवर मनातून माफ केलं नव्हतं. आणि त्याच माणसाची रीत आपण इतकी वर्षं डोळे झाकून पाळतोय, हे त्यांना आता खुपायला लागलं.

मास्तरांच्या वेळचा एकच माणूस हयात होता, भिकूनाना. जातीचा शेतकरी, रोज देवळात जाणारा, पण मास्तरांच्या गीतांना ढोलकी त्याचीच. आता तो ताम्हिणीला मुलाच्या ढाब्यावर राहायचा. शनिवारी स्वरदाने गाडी काढली.

नाना ढाब्यामागे लसूण सोलत बसला होता. "प्रभा व्हय तू? मास्तरांची?" म्हणून त्याने खाट झटकली. बाईंनी चहासुद्धा येऊ दिला नाही, लगेच थांब्याचं विचारलं.

"तुज्या आयसाटी, दुसरं काय," नाना म्हणाला. "तिला दम लागायचा. वळ पुरी व्हायच्या आत श्वास सरायचा, अन् बाकीची पुढं निगून जायची. मग तिनं गायचंच सोडलं. मागं भिंतीला बसायची, तोंड मिटून. येका आइतवारी मास्तर म्हनले, हितं समद्यांनी थांबायचं. का, ते न्हाई सांगितलं. मी ढोलकीवर हात ठिवून बगायचो. त्यांचं ध्यान मागं, तिच्याकडं. तिची वळ सरली की मंगच पेटीचा भाता हलायचा."

"मला कधी बोलले नाहीत."

"तिलाबी न्हाई बोलले. बोलले असते तर तिनं थांबू दिलं असतं व्हय?"

परतीच्या वाटेवर बाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. घरात मुका असलेला तो माणूस दर रविवारी सगळ्या मंडळीदेखत आईसाठी थांबत होता, आणि समोर बसलेल्या लेकीला ते दिसलं नव्हतं.

"मग थांबा ठेवायचा ना?" स्वरदाने विचारलं.

"कुणासाठी ठेवू? आई कुठे आहे आता?" बाई म्हणाल्या. वडील कळल्याचं समाधान होतं, पण थांब्याचं कोडं काही सुटेना.

संध्याकाळी जेवणाआधी नेहमीप्रमाणे घरची प्रार्थना झाली, तेच गीत. बाईंचं लक्ष इंद्रजितरावांकडे गेलं. ऐकू कमी, म्हणून ते अर्धी ओळ मागे राहत. बाईंनीच एकदा वैतागून म्हटलं होतं, "तुम्ही आपलं मनात म्हणा, देवाला ऐकू येतं." तेव्हापासून ते नुसते ओठ हलवत. आज बाईंनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. सगळे गप्प झाले तरी त्यांचे ओठ हलतच होते. त्यांची पहिली ओळ अजून चालली होती.

बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "अहो, मोठ्याने म्हणा."

"मी मागे राहतो," इंद्रजितराव म्हणाले.

"राहा. आम्ही थांबतो."

सणाच्या दिवशी पिरंगुटात हॉलभर भाताच्या लोंब्या, काकड्या, भोपळे मांडले होते. पहिली ओळ संपली. बाईंनी पेटी थांबवली, स्वरदाने कीबोर्डवरून हात उचलले. बाकीच्या मंडळ्या दोन शब्द पुढे गेल्या आणि बावचळून थांबल्या. त्या शांततेत एक जाडाभरडा, बेसूर आवाज एकटाच येत राहिला. पुढच्या रांगेतली दोन-तीन माणसं वळून पाहू लागली. बाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर मागे, इंद्रजितरावांवर होती. त्यांची ओळ सरली, तेव्हा कुठे बाईंनी भाता हलवला.