भाडेकरू जावई

मी घरजावई नाही. हे वाक्य गेल्या सव्वा वर्षात मी न्हाव्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, आणि एकदा तर दुधाच्या रांगेतल्या अनोळखी माणसाला त्यानं काही विचारलेलं नसताना सांगितलं. झालं असं, की आमच्या आधीच्या घरमालकानं घर पाडायला काढलं आणि आम्ही नवरा-बायको सासऱ्यांच्या माडीवर राहायला गेलो. खाली ते दोघं, वर आम्ही.

सासरे मूळचे गारगोटीकडचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांचा आवाज अजूनही घाटातल्या वळणावर हॉर्न द्यावा तसा. पहिल्याच दिवशी मी छाती काढून जाहीर केलं, "मी भाडं देणार. दर महिन्याला, चेकनं."

ते म्हणाले, "द्या की."

मग दर एक तारखेला मी इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरायचो, दोन्ही हातांनी चेक द्यायचो आणि पावती पुढं करायचो. ते सही करायचे. सासूबाई चहा आणायच्या. महिनाअखेरीला खात्यात अंदाजापेक्षा बरेच पैसे दिसू लागले, ते मी माझ्या काटकसरीच्या नावावर जमा केले. काटकसर या विषयावर बायकोला दोन-तीन व्याख्यानंही दिली. तिनं ती खाली मान घालून ऐकली. मला वाटलं, पटतंय.

जुलैत रिटर्न भरायची वेळ आली. फॉर्म सोळा, विम्याच्या पावत्या आणि सगळ्यात वर, रेव्हेन्यू तिकीट लावलेल्या वर्षाच्या बारा भाडेपावत्या अशी फाईल घेऊन मी करसल्लागाराच्या गाळ्यात गेलो. बाकावर पाच-सहा माणसं आपापल्या फायली मांडीवर घेऊन बसली होती. सल्लागार माझ्या बँकेच्या उताऱ्यावर पट्टी ठेवून एकेक ओळ खाली उतरत गेला. शेवटच्या पानावर पट्टी थांबली.

"पावणं, भाडं कुठं हाय ह्यात?"

"चेकनं दिलंय."

"दिलं असंल, पर गेलं न्हाय की! बारा महिन्यांत एक चेक वटलेला न्हाय." आणि मग रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात, "तुम्ही फुकट ऱ्हायलाय!"

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं मान पुढं काढली. "कुणाच्या घरात?"

"सासऱ्यांच्या," मी पुटपुटलो.

"मग बरोबर हाय की!" म्हातारा म्हणाला आणि अख्खा बाक हसला.

घरी आलो तो थेट खालच्या सोप्यात, बैठकीच्या खोलीत. सासऱ्यांनी शांतपणे कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत टाचणी लावलेले गेल्या वर्षाचे बारा चेक, वर यंदाचे चार. "मोजून घ्या. एकबी हरवला न्हाय. सही मातूर झोकात करता हं तुम्ही!"

"अहो, पण बँकेत का नाही टाकले?"

"जावयाकडनं भाडं घ्यू? भावकीत कळलं तर मला दारात उभा करतील काय कोण?"

"मग घेतलेत कशाला?"

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण खाली बघून हळूच बोलला. "नको म्हटलं असतं तर तुम्ही बोजा बांधून दुसऱ्या गल्लीत गेला असता. लेक वर हाय तर सकाळी तिची पावलं ऐकाय येत्यात."

आवाज ऐकून जिना उतरून आलेल्या बायकोकडं मी वळलो. ती म्हणाली, "मला पहिल्या महिन्यापासनं म्हाईत हुतं."

"आणि माझी व्याख्यानं?"

"चांगली हुती की."

तरीही मी शेवटचा प्रयत्न केला. "ठीक आहे, आता दर महिन्याला थेट खात्यात टाकतो. नंबर द्या." नंबर सासऱ्यांना पाठ नव्हता. पासबुक सासूबाईंकडं होतं आणि सासूबाई, ज्या क्षणभरापूर्वी दारात उभ्या होत्या, त्या अचानक देवळात गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गाळ्यात गेलो. न दिलेल्या भाड्याची सूट मागायची सोय नव्हती, आणि ती सूट नसली की जुन्या करप्रणालीत राहण्यात फायदा नव्हता. सल्लागारानं बारा पावत्या माझ्या हातात परत ठेवल्या आणि विचारलं, "मग आता जुनी करप्रणाली का नवी?"

"नवी. भाडं काढून टाका."

त्यानं बोटं कीबोर्डवर ठेवली. "पत्ता?"

"सासऱ्यांचाच," मी म्हणालो, बाकाच्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल असं.