उजेडात धरलेला कागद

माझा थोरला दीर कोलमन नॉटन याला एक पत्र लिहायचं होतं आणि तीन आठवडे झाले तरी तो लिहीत नव्हता. पत्र जेमतेम आठ ओळींचं. आमचा क्लूनकाराचा क्लब आणि शेजारचा डेरीनाग्लासचा क्लब यंदापासून मिळून एकच संघ उतरवतील, परवानगी असावी, खाली दोन्ही सचिवांच्या सह्या. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत ते काउंटी बोर्डाकडे, म्हणजे जिल्ह्याच्या क्रीडामंडळाकडे, पोचायला हवं होतं. नाही पोचलं तर आमच्या अकरा पोरांना वर्षभर घरी बसावं लागणार होतं, कारण आमच्या आयरिश फुटबॉलला पंधरा लागतात आणि अकराचे पंधरा करणं चर्चच्या फादरनाही जमलेलं नाही. त्या अकरांत माझा मुलगा डोनल होता.

ठराव जानेवारीतच झाला होता. शाळेच्या वर्गात, पहिलीच्या मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन मोठी माणसं बसली होती. सतरा विरुद्ध तीन. कोलमननं बाजूनंही हात वर केला नाही की विरोधातही नाही, फक्त आकडे लिहून घेतले. अडतीस वर्षं तो सचिव आहे, आकडे लिहिताना त्याचा चेहरा कोरा असतो.

गुरुवारी सकाळी मी डिंफनाच्या दुकानात गेले तेव्हा चर्चमधली दहाची प्रार्थना नुकतीच सुटली होती आणि रोजचं भांडण लागलं होतं. डिंफना हर्लिंगवाल्या, म्हणजे काठीनं चेंडू मारायच्या खेळाच्या, काउंटीतून इथे लग्न होऊन आली त्याला तीस वर्षं झाली. पण इथल्या फुटबॉलला तिनं अजून माफ केलेलं नाही. आमचा हर्लिंगचा संघ सात वर्षांपूर्वी बंद पडला. त्याची गोलाची जाळी तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याभोवती आहे.

"तुमचा फुटबॉल!" ती हॅम कापता कापता म्हणत होती. "पंधरा माणसं चेंडू हातातून हातात देतात, हातातून हातात, जसं काही बारशाचं बाळ आहे. कुणी पाडलं तर मावशी रागवेल."

पॅकी बर्न काउंटरला टेकून उभा होता. साठीतला, गुडघे गेलेला, एके काळचा आमचा मधल्या फळीचा खेळाडू. "ते गेल्या वर्षीपर्यंत. आता नियम बदललेत. गोलासमोर आखलेल्या कमानीबाहेरून मारलं की दोन गुण."

"म्हणजे आधी खेळ बिघडवायचा आणि मग बक्षीस लावून दुरुस्त करायचा."

"आणि तुझं हर्लिंग काय मोठं सुखात आहे? चेंडू इतका हलका केलाय की गोलरक्षकाची एक काठी बसली की तो थेट त्या टोकाला. मधले सगळे मान वर करून बघतायत, विमानं मोजल्यासारखे."

"बघतात तरी. फुटबॉल लावला की आमचे हे झोपतात."

"तो स्वतःच्या लग्नातही झोपला होता, डिंफना. मी होतो तिथे."

"तू कुठे होतास, तू बाहेर मोटारीत होतास. रेडिओला कान लावून!"

मग विषय अंतिम सामन्यांवर गेला. पूर्वी ते सप्टेंबरात व्हायचे, आता जुलैतच उरकतात. पॅकीचं म्हणणं, गवत कापायच्या दिवसांत कुणी सामने ठेवतं का, आणि सप्टेंबरात माणसानं बघायचं काय? डिंफना म्हणाली, "बायकोकडे बघ." पॅकीची बायको चार वर्षांपूर्वी वारली. डिंफनानं लगेच जीभ चावली, पण पॅकीच हसला. "तिकडेच बघतो," तो म्हणाला, "सामना असो नसो, दर रविवारी, दफनभूमीत." ही भांडणं मी इतकी ऐकली आहेत की कोणतं वाक्य कोण म्हणणार हे मला आधीच ठाऊक असतं. पूर्वी त्यांत चढाओढ होती. आता दोन म्हाताऱ्यांनी आपापली दुखणी एकमेकांना दाखवावीत तसं झालंय.

तेवढ्यात कोलमन आत आला. टोपी काढून झटकली, पाव किलो हॅम मागितलं. पॅकीनं डिंफनाच्या हातातून एक काप उचलला, वरच्या नळीच्या दिव्यासमोर धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"आयरिशच आहे, कोलमन. छाप दिसतेय बरं का."

कोलमन हसला. हे हसू अडतीस वर्षांचं आहे, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.

"पत्र गेलं का रे?" डिंफनानं हळूच विचारलं.

"उद्या."

"उद्या तर शेवटचा दिवस."

"म्हणून तर उद्या," कोलमन म्हणाला आणि हॅम घेऊन निघाला.

त्या कापाची गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या पोरांनाही माहीत आहे. सत्त्याऐंशी साली क्लूनकारा काउंटीच्या ज्युनियर, म्हणजे खालच्या गटाच्या, अंतिम सामन्यात पोचलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. समोर डेरीनाग्लास. आम्ही एका गुणानं हरलो. पण त्यांच्या संघात एक लाल केसांचा माणूस होता, जो त्याच वसंतात दुसऱ्या गावाकडून दुसऱ्या नावानं खेळला होता. कोलमननं स्वतः पाहिलं होतं. कोलमन तेव्हा सत्तावीस वर्षांचा, नवाकोरा सचिव. त्यानं रात्री बसून तीन पानांची हरकत लिहिली. तारखा, साक्षीदार, सगळं. अक्षर असं की आमच्या सासूबाईंनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

बोर्डाच्या बैठकीत डेरीनाग्लासचे सचिव उठले. एंडा गेराटी, तिथल्या शाळेचे मुख्य शिक्षक, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. हरकतीतलं एक अक्षरही त्यांनी वाचलं नाही. पहिलं पान छतावरच्या दिव्यासमोर धरलं आणि म्हणाले, "अध्यक्षमहाराज, हा कागद इंग्लंडात झालाय."

नियम तसाच होता. हरकत आयर्लंडमध्ये बनलेल्या कागदावरच लिहायची, आणि तसं सांगणारी, उजेडात धरल्यावरच दिसणारी छाप कागदाच्या पोटात हवी. कोलमननं वही इथल्याच दुकानातून घेतली होती, कागद कुठल्या गिरणीत जन्माला आला हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. चार मिनिटांत हरकत फेटाळली गेली. चषक डेरीनाग्लासकडेच राहिला. लाल केसांचा माणूस पुढे ऑस्ट्रेलियाला गेला.

कोलमनला कुणी तोंडावर काही बोललं नाही, हेच वाईट. त्याऐवजी त्याच्या पुढ्यात पाव, बिल, तिकीट, जे येईल ते लोक उजेडात धरू लागले. पुढच्याच आठवड्यात तो डब्लिनला गेला आणि छाप असलेला कागद घेऊन आला, पाचशे पानं. बिस्किटांच्या मोठ्या डब्यात, पलंगाखाली. गिरणी कधीच बंद झाली, नियमही ढिला झाला, सगळं संगणकावर गेलं. तरी क्लबचं प्रत्येक पत्र त्यानं त्याच कागदावर लिहिलं.

तो दुधाचा टँकर चालवायचा. सकाळी पाचला निघून चाळीस गोठ्यांचं दूध गोळा करायचा. त्यामुळे कुठल्या घरात किती मुलगे आहेत, कोण डावखुरा आहे, कुणाची उंची वाढतेय, हे त्याला आईबापांच्या आधी कळायचं. लग्न केलं नाही. माझ्या नवऱ्याला एकदा म्हणाला होता, "वीस घरांत मिळून पस्तीस मुलगे आहेत, मला आणखी कशाला?" मग चाळिसाचे एकवीस गोठे झाले, एकविसाचे नऊ. तो निवृत्त झाला तेव्हा टँकर निम्म्या वाटेवरूनच परत फिरत होता. क्लूनकारा संपतंय हे सर्वांत आधी त्यालाच कळलं असणार. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, इतकंच.

शुक्रवारी एक वाजता तो नेहमीसारखा आमच्याकडे जेवायला आला. बटाटे, कोबी, खारवलेलं डुकराचं मांस. खिडकीबाहेर फेब्रुवारीचा आडवा पाऊस. त्यानं बटाट्याची सालं ताटाच्या कडेला नीट रचली आणि खाल्लं काहीच नाही.

"कोलमन," मी म्हटलं, "लिहिणार आहेस का नाही, एवढं सांग. डोनलला काय सांगू? तो ॲथलोनहून वायरिंगचं काम अर्धवट टाकून येतोय, पत्राचा फोटो पाठवायला."

"चष्मा सापडत नाही."

"डोक्यावर आहे."

त्यानं हात लावून पाहिला आणि काढून टेबलावर ठेवला. "नोरीन, एका कागदानं मी गावाचा चषक घालवला. आता दुसऱ्या कागदानं क्लब घालवू? आणि तोही त्याच माणसाच्या सहीनं?"

"क्लब तू घालवत नाहीयेस. माणसंच नाहीत."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण खाली नाव माझं राहणार."

मी भांडी घासायला घेतली आणि एक आगाऊपणा केला. तो शेगडीजवळ डुलकी घेत असताना मागच्या खोलीतून मास्तरांना फोन लावला.

साडेचारला त्यांची जुनी मोटार फाटकापाशी थांबली. मास्तर आता अठ्ठ्याहत्तरचे, अजूनही तिथले सचिव, काठी घेऊन चालतात. ओला कोट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला. दोघांनी हवामानावर बोलून घेतलं, मग मेलेल्या माणसांवर. एवढं झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी कामाला हात घालत नाही.

"तुमचे किती, मास्तर?" कोलमननं विचारलं.

"तेरा. त्यातले दोघं कॅनडाला निघालेत, आईबापांना अजून सांगितलं नाही. मला सांगितलं." मास्तरांनी चहा फुंकला. "शाळेत पोरं होती तेव्हा मी तीन तीन संघ उतरवलेत रे. आता शाळेत एकूण चौदा मुलं, त्यात नऊ मुली."

"मुली खेळतात चांगल्या," मी म्हटलं.

"मुलीच खेळतात," मास्तर म्हणाले.

कोलमन उठला. मला वाटलं निघाला घरी. तो मधल्या पायवाटेनं आपल्या घरी गेलाच, पण पाच मिनिटांत डबा कोटाखाली धरून परत आला. झाकण घट्ट बसलेलं, चमच्यानं उचकटावं लागलं. वरचं पान त्यानं काढलं आणि लिहायला बसला. आठ ओळींना वीस मिनिटं लागली. मी मध्ये एकदा दिवा लावला. शेगडीत ओंडका सरकला त्याचा आवाजसुद्धा मोठा वाटला. सही करून त्यानं पान मास्तरांपुढे सरकवलं.

मास्तरांनी लेखणी उचलली नाही. पान दोन्ही हातांनी उचललं, खिडकीकडे वळले आणि उरल्यासुरल्या उजेडासमोर धरलं. वाटलं, आता कोलमन उठेल आणि अडतीस वर्षांचं काय ते बोलून टाकेल. तो हलला नाही. मास्तर बराच वेळ पाहत राहिले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आयरिश आहे. हरकत नाही."

आणि सही केली.

"अजून किती पानं आहेत?" त्यांनी विचारलं.

"साठेक असतील."

"पुष्कळ आहेत की."

"करायची काय?" कोलमन म्हणाला. "आता हरकत घ्यायची कुणाविरुद्ध?"

मास्तर हसले, मग खोकले, मग दोन्ही एकदमच. "दोन क्लबांना एकच सचिव लागेल," खोकला थांबल्यावर ते म्हणाले. "मी आता करणार नाही. डबा तुझ्याकडेच राहू दे."

कोलमननं झाकण लावून डबा स्वतःकडे ओढला.

पाच वाजून दहा मिनिटांनी डोनल आला, बुटांना चिखल, अंगाला तारांचा वास. पत्र टेबलावर सपाट करून त्यानं मोबाइलवर फोटो काढला. "काका, छाप काही फोटोत येत नाही हं," तो म्हणाला. "येऊ नये," कोलमन म्हणाला. पाच वीसला पत्र गेलं. इतक्या वर्षांचं काम अंगठ्यानं एकदा दाबलं आणि झालं. बोर्डाकडून लगेच उत्तर आलं: मिळालं. एकच शब्द.

मी छत्री घेऊन मास्तरांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. मोटारीचं दार उघडून ते थांबले.

"नोरीन, तुला म्हणून सांगतो. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन्ही. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया. मला त्या कागदावर काही दिसलं नाही."

"मग म्हणालात कशाला?"

"सत्त्याऐंशीला मात्र दिसलं होतं," ते म्हणाले. "आमच्या त्या लाल केसांच्या पोराचंही ठाऊक होतं मला." ते आत बसले, दोनदा किल्ली फिरवली तेव्हा मोटार सुरू झाली. माझ्या मनात आलं, या डोळ्यांनी हे चार मैल जाणार कसे! पण रस्ता त्यांच्या पायाखालचा होता, आणि त्यावर आता गाड्या तरी कुठे असतात.

परत आले तेव्हा कोलमन दुपारचे गार बटाटे तव्यावर लोण्यात परतत होता. डोनल अंघोळीला गेला होता. मला वाटलं सांगावं, मग वाटलं नको. इतक्या वर्षांनी एकदा त्याचा कागद खरा ठरला होता.

"काय म्हणाले मास्तर?" त्यानं पाठ न वळवता विचारलं.

"मंगळवारी सराव त्यांच्या मैदानावर आहे, सातला."

"हं." त्यानं बटाटे उलटले. "त्यांना काही दिसलं नाही, नोरीन. पान उलटं धरलं होतं."

मी ताटं मांडली. तो दोघांच्या वाटचं जेवला.