बांधावरचं सागवान

मंडळी, वाचनालयाच्या या फलकावर रोज लढाईच्या बातम्या लागतात. आज माझाही कागद राहू द्या. आत्ताच कोर्टातून आलोय आणि डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या खानापूरकडच्या घराच्या दाराची चौकट आंब्याची. वाळवीनं ती पुन्हा पोखरली, म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधावरचं सागवान तोडलं. सागवानाच्या अंगात तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पावसात ते फुगतही नाही. पण सागवान पडलं राजाचं झाड! आपल्या रानात उगवलं तरी मालक इंग्रज सरकार. जंगलखात्यानं ओंडका नेला आणि वर खटला भरला.

वकिलांनी आप्पांना पढवलं होतं, "झाड वाऱ्यानं पडलं, एवढंच म्हणा." आप्पांनी मानही डोलावली होती. पण मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "झाड चोरलंत?" आणि आप्पा भडकले.

"चोरीन कशाला? माझ्या बापानं लावल्यालं झाड हाय. मीच तोडलं!"

झालं. गुन्हा कबूल, दंड ठरला. वकील कपाळाला हात लावून बसले.

आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरताना आप्पा थांबले. कठड्यावरून हात फिरवला, नखानं जरा खरवडून वास घेतला.

"सागवानच हाय रं," मला म्हणाले. "ह्येला वाळवी लागायची न्हाय."

आमच्या दाराला आंबा, आणि आम्हाला उभं करायच्या पिंजऱ्याला सागवान. मंडळी, वाळवी तर लागणार नाही. मग हा पिंजरा मोडायचा कुणी?